आधी शाफ्ट विचारणारी भट्टी : कुपवाडच्या गनमेटल ओतकामाबद्दल

गुऱ्हाळाच्या घाण्यांचे आणि पंपांचे बुश मी आता सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या भट्टीतून ओतून घेते. बुश म्हणजे फिरणारा शाफ्ट ज्यात टेकतो ती धातूची नळी, आणि गनमेटल म्हणजे तांब्यात कथील, शिसं, जस्त घातलेला मिश्रधातू. आमच्या भागात वर्कशॉप चालवणाऱ्यांनी तिथं एकदा तरी जावं, असं माझं ठाम मत झालंय, म्हणून हे लिहितेय. भट्टीचं नाव मात्र देत नाही. मालकांनीच नको म्हणून सांगितलं. हाताखाली माणसं थोडी, मुशी (धातू वितळवायची भांडी) दोन, एकदम गर्दी आली तर काम बिघडतं म्हणाले. कुपवाडातल्या कुठल्याही लेथवाल्याला गनमेटल ओतणारे विट्याचे मामा (हेच मालक) विचारलं की तो रस्ता सांगतो.

माझं वर्कशॉप आष्ट्याला. दोन लेथ, एक शेपर, एक रेडियल ड्रिल. पावसाळ्यानंतर घाण्यांची कामं, उन्हाळ्यात नदीवरच्या पंपांची. माझे वडील किर्लोस्करवाडीला मोल्डिंगला होते. १९१० साली लक्ष्मणरावांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर तो कारखाना मांडला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात घराघरांत कुणीतरी साचा भरणारा नाहीतर लेथ चालवणारा आहेच. त्यामुळं ओतलेला तुकडा हातात घेऊन बघायची सवय मला लहानपणापासूनची. हे एवढ्यासाठीच सांगते की खाली जे लिहिलंय ते मोजून, कापून, वजन करून लिहिलंय.

या भट्टीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "ताई, शाफ्ट कशाचा? आणि मिनिटाला फेरे किती?" बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी हे सगळं त्यानंतर. दुसरीकडं कुठंही गेलं तर माप विचारतात, नग विचारतात आणि दर सांगतात. हा प्रश्न किती मोलाचा आहे ते मला वाळव्याकडच्या एका गुऱ्हाळाच्या घाण्यावरून कळलं, म्हणून आधी त्या घाण्याबद्दल सांगते.

घाणा तीन रोलरचा, जर्नल, म्हणजे शाफ्टचा बुशात फिरणारा भाग, ९० मिलिमीटरचा, शाफ्ट ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा. आदल्या हंगामात गुऱ्हाळमालकांनी दुसरीकडून बुश बसवून घेतले होते. देणाऱ्यानं सांगितलं होतं, एकदम कडक मेटल आहे, दहा वर्षं बघायला लागणार नाही. बुश खरंच कडक होते. संक्रांतीच्या सुमाराला घाण्यातून आवाज यायला लागला आणि मला बोलावणं आलं. उघडून बघितलं तर बुश जवळपास नव्यासारखे, आणि शाफ्टवर नख अडकेल अशा चऱ्या पडलेल्या. जर्नल पाऊण मिलिमीटरनं झिजलं होतं. ऐन हंगामात काहिलीखालचं जाळ बंद, शेतात तोडलेला ऊस वाळतोय, गुळव्या बसून, मजूर बसून. रोलर काढून शाफ्ट बदलायचा म्हणजे बुश बदलण्याच्या कितीतरी पट काम.

तो बुश मी मामांकडं नेला. त्यांनी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, कानशीनं एक घाव मारला आणि म्हणाले, "हे ॲल्युमिनियम ब्राँझ आहे. माल वाईट नाही. जागा चुकली."

त्यांचं म्हणणं आकड्यात मांडलं तर असं. निकेल घातलेलं ॲल्युमिनियम ब्राँझ, बाजारात ज्याला एबी २ म्हणतात, त्यात ॲल्युमिनियम ९-१० टक्के, निकेल आणि लोखंड प्रत्येकी पाचाच्या आसपास. वाळूत ओतलं तरी त्याची ताणशक्ती चौरस मिलिमीटरला ६४० न्यूटनच्या वर जाते आणि कडकपणा १४० ते १८० ब्रिनेल (कडकपणाचं माप). जहाजांचे पाण्यातले पंखे (प्रोपेलर) त्याचेच करतात. आता आमचा शाफ्ट बघा. ईएन ८ मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के, नॉर्मलाइज केलेल्या, म्हणजे तापवून हवेत गार केलेल्या बारचा कडकपणा साधारण १५० ते २०० ब्रिनेल. म्हणजे बुश आणि शाफ्ट जवळजवळ बरोबरीचे. एकमेकांवर घासताना दोघांपैकी कुणी नमायचं हे ठरलेलंच नाही, आणि घाण्यात तर ग्रीसबरोबर माती, उसाचा चोथा, रसाचा ओलावा सगळं आत जातं. वाळूचा कण मऊ बुशात रुतून बसला असता. इथं त्याला रुतायला जागाच नव्हती, मग तो शाफ्ट कापत राहिला.

मामांचा ठोकताळा आहे की शाफ्ट बुशापेक्षा निदान १०० ब्रिनेलनं कडक पाहिजे. ८५-५-५-५ चं गनमेटल, म्हणजे तांबं ८५ आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के, हे साधारण ६०-६५ ब्रिनेलचं असतं. ताणशक्ती अडीचशेच्या जवळपास, एबी २ च्या निम्मीसुद्धा नाही. कागदावर दोन्ही शेजारी ठेवले तर कुणीही ॲल्युमिनियम ब्राँझच उचलेल. पण साध्या ईएन ८ च्या शाफ्टला जोडीदार म्हणून गनमेटल बरोबर बसतं. झिजायचं ते बुशानं झिजावं, कारण बुश ठोकून काढता येतो आणि दोन तासांत दुसरा बसतो. शाफ्टला इंडक्शन हार्डनिंग करून (विजेनं वरचा पृष्ठभाग तापवून कडक करून) ५० रॉकवेलच्या (कडकपणाचं दुसरं माप) वर नेला असेल तर मात्र ते स्वतःच फॉस्फर ब्राँझ (फॉस्फरस घातलेलं तांबं-कथील) नाहीतर ॲल्युमिनियम ब्राँझ घ्या म्हणतात.

फेरे विचारतात त्यामागं दुसरं कारण आहे. वेगानं फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाची पापुद्र्याएवढी फिल्म तयार करतो आणि तिच्यावर तरंगतो. घाणा मिनिटाला जेमतेम दहा-बारा फेरे घेतो, वर उसाचा दाब. तिथं फिल्म टिकत नाही, धातू धातूला लागतोच. अशा वेळी शिसं कामाला येतं. गोठलेल्या तांब्यात शिसं विरघळत नाही; आमटीवरच्या तेलासारखं ते वेगळंच राहतं आणि धातू गोठताना कणाकणांच्या मधल्या बारीक पोकळ्यांत अडकून बसतं. बुश तापला, ग्रीस संपलं की हेच शिसं शाफ्टवर पातळ पुसलं जातं आणि चिकटून बसण्याआधी थोडा वेळ मिळतो. पोकळ्या भरल्यामुळं गनमेटलची पंपाची बॉडी गळत नाही आणि लेथवर चिप्सही आखूड तुटून पडतात, लांब गुंडाळत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा नदीकाठचे पंप आठवडाभर पाण्याखाली होते. नंतर माझ्याकडं पंपांची रांग लागली. उघडला तो पंप गाळानं भरलेला. तेव्हा मी एक गोष्ट बघून ठेवली. शिशाच्या गनमेटलचे बुश असलेल्या पंपांत बुशाच्या आतल्या अंगाला वाळूचे कण टोचून बसलेले दिसायचे आणि शाफ्ट पॉलिश करून परत वापरता येत होता. पितळेचे स्वस्त बुश होते त्यांची गोष्ट वेगळी. पितळेत जस्त तीस-चाळीस टक्के असतं, पाण्यात राहून ते जस्त धुपून जातं आणि मागं तांब्याचा लालसर, ठिसूळ सांगाडा उरतो. एकदोन बुश तर हातानंच मोडले. गनमेटलमध्ये जस्त पाचच टक्के, त्याला हा रोग लागत नाही. ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचनाच्या पट्ट्यात ज्यांच्या मोटारी बारमाही पाण्यात आहेत त्यांनी बुश घेताना पितळ की गनमेटल एवढं तरी विचारून घ्या. रंगावरून फसायला होतं.

आता भट्टीकडं येते. मामांचं घराणं विट्याकडचं, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यातलं. खानापूर-आटपाडीची दुष्काळी गावं सोडून देशभर सोन्या-चांदीची गलाई करायला गेलेली जी माणसं, त्यांच्यातले हे. मुशीशी त्यांचं नातं जन्मापासूनचं. सोन्यात रतीचा हिशोब ठेवणाऱ्या घरातला माणूस गनमेटल ओततो तेव्हा काय फरक पडतो, ते एकदा ओतकामाच्या दिवशी जाऊन बघण्यासारखं आहे. मी सकाळपासून थांबून बघितलंय.

तांब्याच्या लाद्या आणि जुन्या बुशांचे तुकडे आधी भट्टीच्या कडेवर मांडून कोरडे गरम करतात. ओला तुकडा मुशीत गेला तर पाण्यातला हायड्रोजन रसात विरघळतो आणि गोठताना बाहेर यायला बघतो, मग बुशात सुईच्या टोकाएवढी भोकं. तांबं १०८५ अंशाला वितळतं. ते वितळून वर कोळशाचा थर दिला की फॉस्फर कॉपरचा (फॉस्फरस मिसळलेल्या तांब्याचा) तुकडा लांब चिमट्यानं तळाशी दाबतात, रसातला ऑक्सिजन खायला. मग जस्त, मग कथील, शेवटी शिसं. जस्ताची गंमत वेगळीच आहे. ते ९०७ अंशालाच उकळतं, म्हणजे तांबं वितळायच्याही आधी. म्हणून मुशीत टाकलं की पांढरा धूर निघतो आणि काही जस्त हवेतच जातं. तेवढं जास्तीचं आधीच धरावं लागतं. जुनं भंगार पुन्हा पुन्हा वितळवून ओतणाऱ्यांच्या मालात जस्त कमी होत जातं आणि मळी वाढत जाते, ते याच कारणानं.

ओतायच्या आधी पायरोमीटर रसात बुडवून बघतात. आमच्या बुशांच्या वेळी ११५० च्या आसपास होतं. आणि ओतण्याच्या अगदी आधी मूस तळापासून ढवळतात, कारण शिसं जड, थांबलं की खाली बसतं. हे ढवळणं चुकलं तर पहिल्या साच्यात शिसं कमी आणि शेवटच्यात जास्त. मी मुद्दाम पहिल्या आणि शेवटच्या साच्याचा बुश घेतला होता. लेथवर दोन्ही सारखेच कापले गेले.

एक गोष्ट त्यांनी मला दारातच बजावली. तुमच्या वर्कशॉपमधले चिप्स परत घेईन, पण त्यात ॲल्युमिनियमचा कण चालणार नाही. शिशाच्या गनमेटलमध्ये ॲल्युमिनियम शतांश टक्का जरी आलं तरी ओतकाम झिरपायला लागतं. म्हणजे ॲल्युमिनियम ब्राँझ कापलेल्या लेथवरचे चिप्स झाडून एकाच पोत्यात भरले तर अख्खी मूस वाया जाते. आता मी मेटल बदललं की लेथचा ट्रे पुसून घेते, पोती वेगळी, पोत्यावर खडूनं नाव. मामा पोतं आलं की मूठभर चिप्स पत्र्यावर पसरून चुंबक फिरवतात, लोखंड निघालं तर तेवढं वजन वजा. सुरुवातीला मला हे जाचक वाटलं, पण त्यांच्या बुशात कडक गाठ लागून माझं टूल आजवर तुटलेलं नाही, त्याचं कारण हेच आहे.

माल हातात आल्यावर मी काय तपासलं ते सांगते. ओतलेला बुश बाहेरून १२२, आतून ८२, लांबी १५५ मिलिमीटर. तयार माप ११५, ९० आणि १४५. लटकवायच्या काट्यावर हवेत वजन ८.७४ किलो. मग दोरीनं बांधून बादलीत पूर्ण बुडवून पुन्हा वजन, ७.७४ किलो. फरक एक किलो, म्हणजे बुशानं एक लिटर पाणी बाजूला सारलं आणि घनता आली ८.७४. गनमेटलची पुस्तकातली घनता ८.८ च्या आसपास आहे, वाळूतल्या ओतकामात थोडी बारीक पोकळी राहतेच, तेव्हा हा आकडा चांगला. पितळ असतं तर ८.४-८.५ आली असती, ॲल्युमिनियम ब्राँझ ७.६ च्या जवळ. बादली आणि काटा एवढ्यावर ही परीक्षा होते, लॅब लागत नाही. आत मोठी पोकळी असली तरी आकडा खाली येतो. गनमेटल घेणाऱ्या प्रत्येकानं ही सवय लावून घ्यावी असं मला फार वाटतं, कारण किलोच्या भावानं पैसे देताना आपण नेमकं काय घेतोय हे बघायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

कापून झाल्यावर बुश सव्वापाच किलोच्या आत आला. साडेतीन किलोच्या वर चिप्स, म्हणजे पैसे मोजले त्यातले चाळीस टक्के लेथखाली पडले. वाळूच्या ओतकामात ते टाळता येत नाही, फार काठाकाठानं ओतलं तर काळी कातडी निघत नाही. म्हणून दर ठरवताना चिप्स कोणत्या भावानं परत घेणार ते आधीच बोलून घ्या. इथं दर त्या दिवशीच्या तांब्याच्या भावावर असतो, पाटीवर खडूनं लिहिलेला, आणि चिप्सचा दरही त्याच पाटीवर खाली. घासाघीस नाही. स्वतःचं मेटल दिलं तर नुसती ओतायची मजुरी, पण ते तुमचं मेटल आधी फोडून बघतात आणि नको वाटलं तर परत देतात.

बोअर शेवटचा कापताना आमचे मिस्त्री बुश हाऊसिंगमध्ये दाबून बसवल्यावरच कापतात, हे नवीन वर्कशॉपवाल्यांसाठी सांगते. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हाऊसिंगमध्ये घट्ट बसवला की बुश आवळतो आणि बोअर मिलिमीटरचे काही शतांश कमी होतो. शिवाय गनमेटल तापल्यावर लोखंडाच्या दीडपट फुगतं. बाहेर बिडाची भिंत, त्यामुळं ते फुगणं आतल्या बाजूला येतं. ९० च्या जर्नलला आम्ही ०.१५ ची मोकळीक ठेवली.

त्याच शेडच्या कडेला मामांचे धाकटे भाऊ बार कापून देतात. एमएस (साधं मऊ पोलाद), ईएन ८, ईएन ९, काळे (गरम लाटलेले) बार आणि ब्राइट (वरून सफाई केलेले) बार, एवढाच साठा. पण तिथंही उत्तर आधी, माल नंतर. गुऱ्हाळमालक माझ्याबरोबर आले होते, शाफ्ट एकदा खराब झाल्यामुळं ते हट्टाला पेटले होते, सगळ्यात भारी बार द्या म्हणाले. भाऊंनी तीन तुकडे ग्राइंडरला लावून दाखवले. एमएसच्या ठिणग्या लांब सरळ रेषांच्या, क्वचित फाटा फुटणाऱ्या. ईएन ८ च्या रेषांना टोकाशी फुलं. ईएन ९ ला, ज्यात कार्बन ०.५० ते ०.६०, त्याची फुलं दाट आणि जवळ. कार्बन वाढला की ठिणगी फुटते. बार बदलून आला की नाही हे पकडायला ही परीक्षा पुरेशी आहे, टक्का सांगायला नाही.

मग ते मालकांना म्हणाले, "दादा, कार्बन वाढला की ताकद वाढते, कडकपणा वाढतो, पण बार ठिसूळ होत जातो. तुमच्या घाण्यात उसाच्या मोळीबरोबर दगड जातो, कधी विळा जातो. झटका सोसायचा असेल तर ईएन ८ बरा." वेल्डिंगचाही मुद्दा त्यांनीच काढला. ईएन ८ सुद्धा गार असताना साध्या रॉडनं वेल्ड केला तर वेल्डच्या कडेला तडा जायची भीती असते, आधी दोनशे अंशापर्यंत तापवून, सुकवलेला लो-हायड्रोजन रॉड वापरावा लागतो. ईएन ९ ला तर त्याहून जास्त जपावं लागतं. शेतावर वेल्डिंग करणारा पोरगा हे करत नाही, हे आम्ही सगळे जाणतो. म्हणून झिजलेलं जर्नल वेल्डनं भरण्याऐवजी नवाच शाफ्ट करायचं ठरलं.

यानंतर जे बोलणं झालं ते माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात उपयोगाचं. मालकांची तक्रार होती की शाफ्ट दाबाखाली वाकतो आणि रोलरमधली फट मधोमध वाढते, रस कमी निघतो. ते समजत होते की भारी पोलाद घेतलं की वाकणं थांबेल. भाऊ म्हणाले, तसं होत नाही. एमएस घ्या, ईएन ८ घ्या, ईएन ९ घ्या, कायमचं वाकायच्या आधी जे लवचिक वाकणं असतं ते सगळ्यांचं सारखंच. बरोबर आहे. पोलादाचा लवचिकतेचा गुणांक कार्बननं बदलत नाही, सगळीकडं चौरस मिलिमीटरला दोन लाख न्यूटनच्या घरात. एमएस अडीचशे न्यूटनला कायमचं वाकेल आणि ईएन ८ त्याच्या पुढं टिकेल, एवढाच फरक. वाकणं कमी करायचं तर व्यास वाढवायचा, आणि तिथं फायदा चौथ्या घातानं मिळतो. ९० चा शाफ्ट १०० केला की ताठपणा दीडपट होतो. घाण्याच्या हाऊसिंगमध्ये जर्नलला जागा नव्हती म्हणून जर्नल ९० च ठेवलं आणि रोलरमधला भाग १०० चा घेतला, दोन्हींच्या मध्ये मोठी गोलाई देऊन. कोपरा चौकोनी सोडला असता तर तिथूनच तुटला असता.

हार्डन-टेम्पर केलेला (तापवून एकदम गार करून कडक केलेला आणि मग पुन्हा थोडा तापवलेला) बार का नको, हेही विचारून घेतलं. साध्या कार्बन पोलादात कडकपणा खोलवर जात नाही. बारीक बारला तेलात बुडवून गुण येतो, शंभरच्या बारच्या पोटात तो पोचतच नाही. एवढ्या जाडीला नॉर्मलाइज केलेला बार घेऊन जर्नलच्या पृष्ठभागालाच इंडक्शन करून घ्यावं, किंवा गनमेटलबरोबर तसाच वापरावा. आम्ही तसाच वापरला. काळा बार मात्र ११० चा घेऊन कापला. कारण गरम लाटताना वरच्या कातडीतला कार्बन जळून गेलेला असतो, ती मऊ कातडी जर्नलवर राहिली तर नव्या शाफ्टचीही झीज होते. चार पैसे वाचवायला जर्नलच्या मापाचाच काळा बार घेऊन वरवर पॉलिश मारणारे आहेत, त्यांच्यापासून जपा.

आता तक्रारी. सगळं गोड लिहिलं तर कुणाचाच फायदा नाही.

एका बुशात कोअर (भोक ठेवण्यासाठी साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) सरकलेला होता. एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा अडीच मिलिमीटरनं जाड. मशिनिंगला सोडलेल्या मापात ते बसून गेलं, पण चार जबड्यांच्या चकवर जुळवायला मिस्त्रींचा बराच वेळ गेला. मामांना दाखवलं तर त्यांनी कोअरची बैठक सैल झाल्याचं मान्य केलं आणि पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) दुरुस्त करून घेतला. पुढच्या खेपेला बुश सरळ आले.

वेळेचा भरवसा गनमेटलपुरताच धरा. फॉस्फर ब्राँझची मूस ते भरण्याइतकं काम साठल्याशिवाय लावत नाहीत, गनमेटलच्या मुशीत तर लावतच नाहीत, आणि ते योग्यच आहे, पण एका पंपाच्या कामाला मला त्यामुळं थांबावं लागलं. घटकांचा दाखला मागितला तर मिळत नाही. आधी सांगितलं तर त्याच रसातून एक जादा तुकडा ओतून देतात, तो आपण स्पेक्ट्रोला, म्हणजे घटकांचे टक्के काढणाऱ्या यंत्रावर तपासायला पाठवायचा. सरकारी पाणी योजनेचं काम करणाऱ्यांनी हे आधीच ठरवून जावं, नंतर कागद निघणार नाही.

सगळ्यात जास्त मला खटकतं ते धुराचं. जस्ताचा तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, ओतकामाच्या माणसांना हे ठाऊक असतं आणि ते सवयीचं म्हणून सोडून देतात. शिसं तर त्याहून वाईट, ते अंगात साठत जातं. भट्टीवरची पोरं तोंडाला रुमाल बांधून उभी असतात. रुमालानं धूर थांबत नाही. मी मामांशी यावर बोलले. त्यांनी वर हूड आणि पंखा बसवला, त्यानं फरक पडलाय, पण मास्क आणून ठेवलेत ते खुंटीलाच असतात. मुशीजवळ मास्क घातल्याशिवाय उभं राहू द्यायचं नाही, असा नियम त्यांनी करायलाच हवा. एवढा काटेकोर माणूस आपल्या माणसांच्या बाबतीतही तितकाच काटेकोर झालेला मला बघायचाय. जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकानं हे बोलून दाखवावं, अशी माझी विनंती आहे.

शिशावरून आणखी एक. त्या गुऱ्हाळमालकांना रसाच्या टाकीला गनमेटलचा कॉक ओतून हवा होता, जुना पॅटर्नही बरोबर आणला होता. मामांनी नाही म्हणून सांगितलं. उसाचा रस आंबट अंगाचा, पीएच पाचाच्या थोडा वर, त्यात शिसं उतरतं, आणि तो रस लोकांच्या पोटात जातो. स्टेनलेसचा विकत घ्या म्हणाले. हातातलं काम त्यांनी परत पाठवलं. घाण्याचे बुश रसाच्या परातीच्या बाहेर असतात, तरी ग्रीस ओघळून परातीत येत नाही ना, ते आम्ही पत्र्याची पन्हळ लावून बघून घेतलं. ज्यांच्या घाण्याला अशी पन्हळ नाही त्यांनी ती लावून घ्यावी, पत्रा आणि चार रिबिटांचं काम आहे.

हंगाम संपल्यावर घाणा उघडला. बुशाचा बोअर मोजला तर झीज ०.१ च्या आत, आणि खालच्या बाजूला, जिथं दाब येतो तिथं, चकचकीत पट्टा. शाफ्टवर मायक्रोमीटरला काही सापडलं नाही, फक्त पृष्ठभागाला किंचित करडी झाक आलेली. वरच्या रोलरच्या बुशात ग्रीसची नाळ भरून गेली होती, ती साफ करून तेच बुश पुन्हा बसवले. मालकांनी जादा जोडी आधीच ओतून घेतलीय, ती अजून कपाटात आहे.

तिथं जायचं असेल तर जुना बुश आणि शाफ्टचा कापलेला तुकडा बरोबर न्या, नुसतं माप फोनवर सांगू नका. पॅटर्न त्यांच्याकडं माळ्यावर भरपूर आहेत, शोधायला वेळ लागतो, पण जवळपासचा सापडला तर पॅटर्नचे पैसे वाचतात. दसऱ्याच्या आधी सगळी गुऱ्हाळं एकदम जागी होतात आणि मग दोन मुशींवर किती ओतणार. श्रावणात काम द्या, चिप्सचं पोतं त्याच गाडीत टाका, आणि त्यात दुसऱ्या मेटलचा कण नाही ना ते घरूनच बघून निघा.